चहा न घेतलेली साक्ष

९ फेब्रुवारी

वाफ्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. त्यातही निम्मं माझ्या गुडघ्यांची चौकशी करण्यात संपलेलं. उरलेल्या जागेत तू कळवलंस की मावशी, मी साक्षीला येणार नाही. बॉयलर तपासणं हे माझं रोजचं काम असलं तरी तुमचा बॉयलर मी तपासणार नाही, कारण मी तुमच्या घरचा आहे.

मी ते दादाला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. आधीच त्याचा जीव टांगणीला लागलेला. तो म्हणाला, घरचा आहे म्हणूनच तर बोलावलं, रस्त्यावरच्या माणसाला कोण बोलावतं? आणि आजपासून तुझं नाव या घरात काढायचं नाही असं त्याने सांगून टाकलं. मी नाव काढलेलं नाही. लिहिते आहे, ते वेगळं.

दादाने तुला फोनवर रागाच्या भरात अर्धवट सांगितलं असणार, म्हणून नीट लिहिते. आपल्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीची रबरी नळी भर दुपारी सांध्यातून निसटली आणि इस्त्री करणारीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. ती तू गेल्यावर कामाला लागली. आम्ही सगळे तिला इस्त्रीताईच म्हणतो. सरकारी माणसं आली, बॉयलरच्या खोलीला सील लागलं. दाब वाढला की जादा वाफ बाहेर सोडणारा तो व्हॉल्व्ह असतो ना, त्याच्या नळीच्या तोंडात म्हणे कसलंसं कापड निघालं. आता लाँड्रीत कापड निघणार नाही तर काय निघणार? पण सरकारी वकील म्हणतात, जास्त दाबावर जास्त काम उरकावं म्हणून मालकाने वाफेची वाट मुद्दाम बंद केली. तसं ठरलं तर तुझा दादा तुरुंगात जाईल. त्याचे केस पांढरे झालेत रे. या वयात पोटच्या पोराला तिथे कसं पाठवू?

तू एवढासा होतास तेव्हा त्या बॉयलरसमोर फतकल मारून वाफेकडे बघत बसायचास. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. त्यावरून तर तुला हे नाव पडलं. आणि माझी बहीण गेली, तू माझ्याकडे आलास, तेव्हा लोकांनी मला विचारलं होतं, हे ओझं कशाला घेतेस? तेव्हा मीही हेच शब्द बोलले होते. घरचा आहे म्हणून. तेच शब्द तू नाही म्हणायला वापरलेस, याचं जरा लागलं.

चिठोऱ्याच्या तळाशी एका बाईंचं नाव आणि पत्ता दिला आहेस. पुढे लिहिलंयस की त्या तुमच्या बाजूने बोलतील असं नाही, जे दिसेल ते बोलतील, तेवढं चालत असेल तरच बोलवा. म्हणजे आपणच गाडीभाडं देऊन आपल्याविरुद्ध बोलणारं माणूस आणायचं. धन्य आहेस.

गुडघे ठीक आहेत.

रागावलेली, तरी तुझीच
मावशी


२ मार्च

वाफ्या,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात मी जे काही बोलले त्यावर तू तरी काय उत्तर देणार म्हणा. पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. सूनबाई खटल्याचा विषय निघाला की घासलेली भांडी परत घासायला घेते, आणि दादा घरात असून नसल्यासारखा.

आमच्या वकिलांनी एक तज्ज्ञ आणले होते. भर उन्हात टाय लावून आले, म्हणून आमच्यात त्यांचं नाव टायवाले. तपासणीसाठी सील काढून खोली उघडून दिली. टायवाले उंबऱ्याशी आले, मान आत घालून पाहिलं आणि मान बाहेर काढली. बुटांना चुना लागेल म्हणून की काय, आत पाऊल टाकलं नाही. मग वकिलांकडे वळून म्हणाले, "आपल्याला काय सिद्ध करायचंय?"

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा तो माणूस देवासारखा वाटला. मी त्यांना दोनदा चहा पाजला.

आठवड्याने त्यांचा अहवाल आला. गुळगुळीत मुखपृष्ठ, आत रंगीत चौकटी. निष्कर्ष अगदी आमच्या मनासारखा. कामगार बाईने जास्त दाबावर काम उरकून लवकर घरी जाता यावं म्हणून व्हॉल्व्हचा नट पिळला, नळीत कापड कोंबलं आणि स्वतःचा हात भाजून घेतला. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी दादा खूप दिवसांनी पोटभर जेवला. जेवल्यावर अहवाल घेऊन बसला आणि थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, आई, आपल्याला गच्ची कधी होती गं? त्यात लिहिलेलं होतं की पाण्याची टाकी गच्चीवर आहे. बॉयलरला दोन भट्ट्याही होत्या, आपल्याला एकच आहे. दुसऱ्या कुठल्या तरी खटल्याचा अहवाल काढून नावं तेवढी बदललेली. आम्ही दोघं हसलो, खूप दिवसांनी हसलो. वकिलांना विचारलं तर म्हणाले, एवढं बारीक कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. इस्त्रीताईचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, उशीवर ठेवलेला. मला बघून म्हणाली, आजी, इतकं कडक स्टार्च माझ्या हातून कुठल्या शर्टाला लागलं नव्हतं. अशी आहे ती. मी बरोबर नेलेली फळं कापायला घेतली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "वकिलांचा माणूस येऊन गेला. म्हणतो, कापड तुम्हीच कोंबलंत. आजी, तो व्हॉल्व्ह कुठे असतो ते मला आजवर कोणी दाखवलं तरी का?"

मी फळं कापत राहिले. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

आता हे तुला लिहिते, कारण तुला हे कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. कापड आपलंच होतं. व्हॉल्व्ह वाफ सोडायचा तेव्हा तिच्याबरोबर गंजाचे थेंब उडायचे, आणि नेमक्या समोरच हॉटेलच्या पांढऱ्या चादरी वाळत असायच्या. एकदा सगळ्या चादरी ठिपक्या-ठिपक्यांच्या परत धुवाव्या लागल्या. तेव्हा दादाने जुन्या अभ्र्याचा तुकडा नळीच्या तोंडावर गाळणीसारखा बांधायला सांगितला. मळला की बदलायचा. तुकडे स्टार्चच्या टबाशेजारच्या ढिगातले. त्यातलं स्टार्च वाफेवर शिजलं, त्यात पाण्यातला क्षार बसला, आणि एक तुकडा बदलायचा राहून गेला तो नळीत बुचासारखा घट्ट झाला. जगात दुसऱ्या कोणत्या धंद्यातल्या माणसाला हे सुचलं नसतं. आम्हा लाँड्रीवाल्यांना आगीपेक्षा डागाची भीती जास्त.

दादाच्या मनात पाप नव्हतं, वाफ्या. पण इस्त्रीताईच्याही हातात काही नव्हतं.

घरी येऊन दादाला ती काय म्हणाली ते सांगितलं. तो बराच वेळ नळाशी हात धूत उभा राहिला. शेवटी पाठमोराच म्हणाला, "बोलाव तुझ्या भाच्याच्या त्या बाईला."

नाव नाही घेतलं हं. शब्दाचा पक्का आहे.

मावशी


२९ मार्च

वाफ्या,

तुझं कार्ड आलं. निकाल लागेपर्यंत खटल्याबद्दल मला काही लिहू नका, बाईंचं नाव मी सुचवलंय, मला यातलं कळत राहिलं तर ते बरं दिसणार नाही, असं म्हणतोस. बरं. मग हे पत्र वाचू नकोस, उशाशी ठेव. लिहायचं मात्र मी थांबवणार नाही, तेवढा माझा हक्क आहे.

बाई आल्या. बसने आल्या, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पायात रबरी तळाचे बूट. मी चहा टाकला होता. म्हणाल्या, आजी, माझं काम आणि निकाल दोन्ही होईपर्यंत तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको, राग मानू नका. स्वतःची बाटली काढून प्यायल्या. मी राग मानला. बाहेरून आलेल्या माणसाने घोटभर चहा घेऊ नये म्हणजे काय?

वकील त्यांना सगळी हकीकत सांगायला पुढे सरसावले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "आधी मला बघू द्या. तुमची गोष्ट आधी ऐकली तर आत गेल्यावर मला तीच दिसायला लागेल."

आणि मग त्या पालथ्या पडल्या. खरंच पालथ्या पडल्या, त्या काळ्या फरशीवर, दांडीला लावलेला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन. दुपार उलटली तरी खोलीतून ठकठक ऐकू येत होती. सूनबाई भांडी सोडून दाराआड उभी राहून बघत होती. बाहेर आल्या तेव्हा बाईंच्या कपाळावर काजळी होती आणि हातात ते कापडाचं बूच, वेगळ्या पिशवीत बंद केलेलं.

दादाला त्यांनी एकच गोष्ट विचारली. व्हॉल्व्ह हाताने उघडून वाफ नीट सुटते का हे शेवटचं कधी पाहिलंत? दादा म्हणाला, दर आठवड्याला बघतो. बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी डोळे वटारले नाहीत, काही नाही. नुसतं लिहिलं. त्यांची पेन्सिल थांबली आणि दादा म्हणाला, खरं म्हणजे आठवत नाही. त्यांनी आधीचं खोडलं आणि हे लिहिलं, तितक्याच शांतपणे.

जाताना म्हणाल्या, अहवालात जे येईल ते दोन्ही वकिलांना सारखंच मिळेल, तुम्हाला आवडलं नाही तरी त्यातला शब्द बदलणार नाही. आमच्या वकिलांचा चेहरा आंबट झाला. मी बाईंना कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत सोडायला गेले, आणि तुझं नाव घेऊन विचारलं, ओळखता का? म्हणाल्या, भेटलेली नाही कधी. एका कारखान्यातल्या त्यांच्या अहवालात मी चूक काढली होती. त्यांनी ती लेखी मान्य केली.

बस निघून गेली तरी मी तिथेच उभी. म्हणजे माझ्या पोरासाठी माणूस शोधायची वेळ आली तेव्हा तू तुझा मित्र नाही निवडलास, तुझी वाहवा करणारं कोणी नाही निवडलंस. तुझी चूक काढणारी बाई निवडलीस.

पहिल्या पत्रात धन्य आहेस असं मी टोमण्याने लिहिलं होतं. आता साधं लिहिते. धन्य आहेस.

मावशी


१५ मे

वाफ्या,

काल कोर्टात बाईंची साक्ष झाली. तू वाचणार नाहीस, म्हणून मी अगदी मोकळेपणाने लिहिते.

कोर्टाची खोली आपल्या शाळेच्या वर्गासारखी, पंखा कुरकुरणारा, बाकांवर पेनांनी कोरलेली नावं. इस्त्रीताई पलीकडच्या बाकावर, हात गळ्यात बांधलेला. आमच्यात कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

अहवालातला बराचसा भाग आपल्या विरुद्धच होता. वाफ सुटते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मालकाची, आणि ते पाहिलं जात नव्हतं, असं स्पष्ट लिहिलेलं. तो वाचला गेला तेव्हा सूनबाईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तरी आमच्या वकिलांनी आशा सोडली नव्हती. त्यांनी गोड आवाजात विचारलं, हे कापड इस्त्री करणाऱ्या बाईंनी बांधलं असू शकतं ना?

बाई म्हणाल्या, "असू शकतं. तुम्हीही बांधलेलं असू शकतं. कापडावरून हात ओळखता येत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. आमचे वकील खाली बसले.

मग सरकारी वकील उठले. ते तर खुशीतच होते. म्हणजे मालकाने दाब वाढवण्यासाठी नळीचं तोंड बंद केलं, हेच तुमच्या तपासणीतून निघतं, असं त्यांनी जवळजवळ बाईंच्या तोंडात घातलं. बाई म्हणाल्या, नाही. दाब वाढवायचा तर व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा नट पिळावा लागतो. त्या नटावर कारखान्यात दिलेला रंग सलग आहे, कुठेही तडकलेला नाही, म्हणजे तो नट कोणी हलवलेला नाही. आणि कापडाच्या आतल्या बाजूला गंजाचे ठिपके थरांवर थर बसलेत, म्हणजे बंद होण्याआधी बराच काळ त्यातून वाफ जात होती. ते गाळणीचं काम करत होतं. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे मालकाचा हेतू दाब वाढवण्याचा नव्हता, असं तुमचं मत?

इथे वाफ्या, मी बाकावरून पुढे सरकले. एक हो म्हणाल्या असत्या तर दादा सुटला असता.

बाई म्हणाल्या, "कोणाच्या मनात काय होतं ते मला यंत्रावरून सांगता येणार नाही. नट हललेला नाही आणि कापडातून वाफ जात होती, एवढंच मी सांगू शकते."

मला वाटलं, संपलं. पण बघ, न्यायाधीश लिहायला लागले. सकाळपासून त्यांनी एवढं काही लिहून घेतलं नव्हतं. जी बाई आपल्याला नको ते बोलते, सरकारला नको ते बोलते, आणि माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणते, तिचं नट हललेला नाही हे वाक्य त्या खोलीत दगडासारखं पक्कं झालं होतं. टायवाल्यांनी शपथेवर शंभर वेळा सांगितलं असतं तरी झालं नसतं.

सरकारी वकिलांनी मग शेवटचा वार केला. तुमची फी कोणी दिली? बाई म्हणाल्या, यांनीच. मतासाठी नाही, वेळेसाठी. या कुटुंबाशी काही नातं, काही ओळख? बाई म्हणाल्या, नातं नाही. या आजींच्या भाच्याच्या एका कामात मी पूर्वी चूक काढली होती, आणि माझं नाव त्यांनीच सुचवलं असं ऐकते. ते लिहून घ्यावं. न्यायाधीशांच्या मिशीत हसू आलं असं सूनबाई म्हणते. मला दिसलं नाही, माझा चष्मा ओला झाला होता.

कामकाज संपत आलं तेव्हा दादा उभा राहिला. वकिलांनी त्याचा सदरा धरून खाली ओढला, तरी तो उभाच. म्हणाला, कापड मी बांधायला सांगितलं होतं. चादरींवर डाग पडू नयेत म्हणून. या ताईंचा त्यात काही संबंध नाही. आणि वाफ सुटते का ते मी बघत नव्हतो.

त्याने इस्त्रीताईकडे पाहिलं नाही. पण तिने त्याच्याकडे पाहिलं. मी बघितलं.

निकाल पुढच्या महिन्यात.

मावशी


११ जून

वाफ्या,

आता उशाखालची पत्रं काढ आणि वाच. निकाल लागला.

तुरुंग नाही. हेतू सिद्ध झाला नाही असं न्यायाधीश म्हणाले. निष्काळजीपणा मात्र सिद्ध झाला, तो तर दादाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला. दंड आहे. इस्त्रीताईचा सगळा उपचार आणि हात बरा होईपर्यंतचा पगार आपल्याकडे. नवा व्हॉल्व्ह बसवून, तपासून, मगच लाँड्री उघडायची. दादाने ऐकलं आणि बाकावर असा बसला जणू कोणी पाठीवरचं गाठोडं उतरवून घेतलं. शिक्षा ऐकून इतकं हलकं झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात इस्त्रीताई थांबली होती. दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. शेवटी तीच म्हणाली, हात बरा झाला की येईन, पण इस्त्रीला हात लावायच्या आधी मला तो व्हॉल्व्ह दाखवायचा. दादा म्हणाला, दाखवतो. आणि रोज सकाळी उघडून बघायचं काम तुमचंच, मी चुकलो तर मला ओरडायचं. ती म्हणाली, ओरडेन, त्याचे पैसे वेगळे. मग आम्ही सगळेच हसलो, सूनबाईसुद्धा.

मला आता तुझ्याशी एक बोलायचं आहे. बाईंना नात्याबद्दल विचारलं त्या क्षणापासून ते माझ्या मनात घोळतं आहे.

समज, तू आला असतास. त्या कठड्यात तू उभा असतास, तेच खरं बोलला असतास, नट हललेला नाही म्हणाला असतास. आणि सरकारी वकिलांनी तुला विचारलं असतं, बाकावर बसलेली ही म्हातारी तुमची कोण? तू मावशी म्हणाला नसतास. तुला शपथेवर खोटं बोलता येत नाही. तू आई म्हणाला असतास. आणि त्यानंतर तुझ्या नटाचं आणि तुझ्या रंगाचं कोणी काही ऐकून घेतलं नसतं.

घरचा आहे म्हणून येत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी ते पाठ फिरवणं समजले. आता मला वाटतं, इतक्या वर्षांत इतक्या उघडपणे तू मला पहिल्यांदाच आई म्हणालास, आणि मी त्यावर तुझ्याशी भांडले. तू जे केलंस त्याने दादा घरी राहिला, आणि इस्त्रीताईच्या नावाला डाग लागला नाही. डाग म्हणजे काय ते मला विचार. माझ्यावर तुझे उपकार आहेत असं लिहिलं तर तू चिडशील, म्हणून लिहीत नाही. पण आहेत.

खाली दादाला दोन ओळी लिहायच्या म्हणून कागद त्याच्याकडे देते आहे. मघापासून पेन चावत बसला आहे.

मावशी

वाफ्या, नवा व्हॉल्व्ह बसवला. पाहून तुला राहवणार नाही हे मला माहीत आहे, तरी त्याला हात लावायचा नाही. तपासायला तिऱ्हाईत माणूस बोलावलाय, त्याची सही हवी. तू नुसता जेवायला ये. आईने तुझी खोली झाडून ठेवली आहे.
दादा